उसनं नाक

हॉलचं दार सीमंतिनीनं कोपरानं ढकललं, कारण दोन्ही हातांत डबे होते. दार वाटलं त्याहून हलकं निघालं, आणि ती धडपडत आत आली. समोरून येणाऱ्या माणसानं वरचा डबा एका हातानं झेलला. दुसऱ्या हातातला ग्लास मात्र त्यानं इतका सरळ धरला होता, की त्यातलं थेंबभरही सांडलं नाही.

"वाचला," तो म्हणाला.

"डबा?"

"ग्लास. डब्यात काय आहे मला कुठं माहितीय?"

"डब्यात तिळगुळाची गजक आहे. चॉकलेटमध्ये बुडवलेली. तुमच्या ग्लासाइतकीच नाजूक."

"मतलब, तुम्हीच सीमंतिनी कदम!" तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसत, ओठ मागाहून. "मी हेमेंद्र. उद्याचा कार्यक्रम मीच घेणार आहे. बाय द वे... फार लांब नाव आहे तुमचं. बाटलीवर मावायचं नाही."

"माझं नाव बाटलीवर कशाला?"

"नाही... उगाच म्हटलं."

जानेवारीची दुपार होती. खिडकीबाहेर ग्वाल्हेरचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं, आणि ऊन फिकट, दुधात पाणी घालावं तसं. हॉटेलनं दुसऱ्या दिवशी शहरातल्या शौकीन मंडळींना बोलावलं होतं. तीन सिंगल माल्ट व्हिस्क्या चाखायच्या, तिन्ही वाइनच्या पिंपांत मुरलेल्या, आणि प्रत्येकीबरोबर सीमंतिनीच्या स्वयंपाकघरातला एकेक पदार्थ. हेमेंद्र दिल्लीच्या एका कंपनीत होता. स्कॉटलंडहून आलेल्या व्हिस्क्या घेऊन तो गावोगाव फिरे आणि लोकांना त्या चाखायला शिकवी.

"हे घ्या," त्यानं हातातला ग्लास पुढे केला. ग्लास ट्युलिपच्या कळीसारखा, खाली पोट, वर तोंड निमुळतं. "पोर्टच्या पिंपातली. या पिंपात आधी पोर्ट वाइन होती, गोड, लालभडक. ती संपली, पिंप रिकामं झालं, पण लाकडानं काही ती सोडली नाही. मग त्यात व्हिस्की भरून ठेवतात, आणि लाकडात मुरलेली वाइन हळूहळू तिच्यात उतरते."

"किती पाठ केलंय!"

"रोजचंच आहे," तो लाजला. "पिऊ नका. फक्त वास घ्या. सांगा, काय काय सापडतं."

सीमंतिनीनं डबे टेबलावर ठेवले आणि ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. खोल श्वास घेतला.

काहीच नाही.

गेलं दीड वर्ष असंच होतं. एक ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. येईल परत, डॉक्टर म्हणाले होते. आला नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही, कारण शिंदे की छावनीतलं तिचं छोटंसं स्वयंपाकघर चालत होतं ते तिच्या नाकावर. वेलची जुनी आहे की ताजी, तूप कोणत्या गावचं आहे, हे ती डबा उघडताच सांगायची... आता ती काटा, घड्याळ आणि रंग बघून काम करी. समोरच्याच्या नाकपुड्या फुललेल्या दिसल्या, की आपणही म्हणे, "छान खमंग सुटलाय, नाही?"

आणि आता हा माणूस उत्तराची वाट बघत होता.

"मनुका," ती म्हणाली. "आणि... हलकंसं चॉकलेट. मागून लाकूड."

तिनं डोळे उघडले.

"चॉकलेट?" त्यानं विचारलं.

"हलकंसं."

"मॅडम... हा चहा आहे."

"काय?"

"सकाळचा कोरा चहा. गार झालेला. सराव करताना मी ग्लासात चहाच ओततो, रंग सारखा दिसतो. मी गंमत केली हो. वाटलं, तुम्ही नाक लावाल आणि मला दोन शिव्या द्याल..."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती हसली नाही. तिनं ग्लास टेबलावर ठेवला, डबे उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. हेमेंद्रनं ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच मावळलं.

"कधीपासून?" त्यानं अगदी हळू विचारलं.

ती उत्तर देणार, इतक्यात तरुण नावाचा हॉटेलचा मॅनेजर लगबगीनं आत आला. "अरे, मॅडम आ गईं! कैसी लगी व्हिस्की? सर, मॅडम की नाक पूरे लश्कर इलाके में मशहूर है. और मॅडम, कल सब अच्छा हुआ तो लॉबी का केक काउंटर आपका. पक्का!"

सीमंतिनीनं खाली पाहिलं. त्या काउंटरसाठी ती कधीपासून झटत होती.

"तरुणजी," हेमेंद्र गंभीरपणे म्हणाला, "मॅडमने तो वो भी ढूँढ निकाला, जो मेरे ग्लास में था ही नहीं."

तरुण खूश होऊन गेला. सीमंतिनीला हसू आवरेना, आणि रडूही.

"का वाचवलंत मला?"

"ग्लास वाचवला तसंच. सवय आहे." मग तो थांबला. "मॅडम... माझं सगळं पोट या नाकावर चालतं. हे गेलं तर काय, हा विचार करून मला झोप येत नाही कधीकधी. तुम्ही तर कधीपासून—"

"दीड वर्षं."

"आणि तरी गजक बनवता." तो तिच्याकडे बघतच राहिला. "उद्यापर्यंत माझं नाक वापरा. मी वास घेऊन सांगतो, तुम्ही बनवा."

"उसनं नाक?"

"परत करायची घाई नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिंदे की छावनीत तिच्या दाराशी उभा होता. स्वेटरच्या खिशात तीन चिमुकल्या बाटल्या, आणि थंडीनं लाल झालेलं ते उसनं नाक.

ओट्याजवळ उभं राहून त्यानं पहिला ग्लास हुंगला. "ड्राय फ्रूट्स... रेड बेरीज... थोडं स्पाइस..."

"असं नको," ती म्हणाली. "पुस्तकातलं मला समजत नाही. घरातलं सांगा."

"घरातलं?" तो विचारात पडला. पुन्हा हुंगलं. "गुळाची ढेप आणली की तिला कागद चिकटलेला असतो ना? तो सोलताना येतो, तसा. आणि त्यात जांभळं. खूप पिकलेली, झाडाखाली पडलेली."

तिचे हात चालू लागले. "तिळाची गजक, गुळाची. वरून कडू चॉकलेट, थोडंसं मीठ. दुसरी?"

"ही शेरीच्या पिंपातली. सुकं अंजीर... आणि अक्रोड भाजताना एखादा जास्त भाजला जातो ना, तो."

"अंजीर-अक्रोडाची बर्फी. तिसरी?"

तिसरी व्हिस्की गोड पांढऱ्या वाइनच्या पिंपात मुरलेली होती, रंगानं सोन्यासारखी. तिचा वास त्यानं बराच वेळ घेतला. डोळे मिटून, मान तिरकी करून. सीमंतिनीनं त्याच्या पापण्यांकडे पाहिलं... आणि पटकन नजर परातीकडे वळवली.

"पंचामृत," तो शेवटी म्हणाला. "पूजा आटोपल्यावर तळाशी उरतं ते. मध जास्त झालेलं. लहानपणी ते मलाच मिळायचं, कारण बाबा पूजेला मला बरोबर न्यायचे."

सीमंतिनीचा हात थांबला. "तुमचं आडनाव काय?"

"मुळ्ये."

"पांडुरंगराव मुळ्ये गुरुजींचे तुम्ही? ते तर आमच्याकडे येतात! आमचा सत्यनारायण तेच—"

"कोण आलंय, सीमू?" बाहेरून भरदार आवाज आला आणि मफलर गुंडाळलेले जयसिंहराव दारात उभे राहिले. सीमंतिनीचे वडील. फौजेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून परेडवरचाच होता. आलेला कोण आणि त्याच्या खिशात काय, हे कळल्यावर ते खुर्चीत बसले आणि मांडीवर थाप मारून हसले.

"मुळ्ये गुरुजींचा मुलगा, आणि दारू! अरे, गुरुजी तर सांगून राहिलेत, मुलगा सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत आहे!"

"ते खोटं नाही, काका," हेमेंद्र म्हणाला.

"काय कमाल करतो यार! आण, मला पण चाखू दे. पाणी किती टाकू?"

"दोन थेंब."

"दोन थेंब? आमच्याकडे दोन थेंब फक्त डोळ्यांत घालत." त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, छताकडे पाहिलं. "चांगली आहे. पण रमसारखी सरळ बोलत नाही. हिला फार विचारावं लागतं."

"म्हणूनच तर मजा आहे, काका."

जयसिंहरावांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि पेपर वाचायचं निमित्त काढून ते उठून गेले. सीमंतिनी चक्का फेटत होती. मधाचं प्रमाण बघायला हेमेंद्र भांड्यावर वाकला, इतका, की वर आला तेव्हा नाकाचा शेंडा पांढरा झाला होता.

"चक्का लागलाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"नाकाला."

"मग पुसा की. सध्या तुमचंच आहे."

तिनं पदर उचलला... आणि तसाच खाली सोडला. "स्वतः पुसा," ती म्हणाली. पण ते सांगायला तिला उगाचच फार वेळ लागला.

*

कार्यक्रम रंगला. दुपारच्या उन्हात हॉलभर ग्लास चमकत होते आणि हेमेंद्र टेबलांमधून फिरत बोलत होता. गुळाचा कागद, पडलेली जांभळं, तळाचं पंचामृत... सगळं त्यानं तसंच्या तसं सांगितलं. लोक ग्लासात नाक खुपसून "हो, हो, अगदी!" म्हणत होते. मागच्या रांगेत जयसिंहराव बसले होते. त्यांना हेमेंद्रनंच खास बोलावलं होतं.

तेवढ्यात पहिल्या टेबलावरचे संग्रामसिंह उठले. शहरातले जुने खवय्ये, पांढऱ्या मिशा, हातात काठी. "इनकी तो सुन ली," ते म्हणाले. "अब बिटिया बताए. या व्हिस्कीला ही गजक, असं तुला का वाटलं? तुझ्या नाकाला काय मिळालं?"

सगळे तिच्याकडे वळले. तरुण कौतुकानं मान डोलवत होता. हेमेंद्र चटकन पुढे झाला. त्याच्या तोंडात काहीतरी तयार होतं, तिला वाचवणारं. तिनं हातानंच त्याला थांबवलं.

का थांबवलं, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. म्हाताऱ्याच्या प्रश्नात लबाडी नव्हती, एवढंच. आणि दीड वर्ष खोटं बोलून ती थकली होती.

"मला वास येत नाही, काका," ती म्हणाली. "ताप आला होता, तेव्हापासून. वास यांनी घेतला. मी फक्त बनवलं."

मागे कुणाची तरी खुर्ची वाजली.

मग तिनं समोरचा ग्लास उचलला आणि एक छोटा घोट घेतला. आयुष्यातला पहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं येऊ दिलं. "पण जिभेला कळतं थोडं. टोकाला गोड आहे. मग कडेनं जीभ आवळून येते, तुरट फळ खाल्ल्यासारखी. आणि मग... घशातून खाली उतरते ती ऊब. थंडीत बाहेरून यावं आणि कुणीतरी शेगडीजवळ जागा करून द्यावी, तशी."

संग्रामसिंहांनी गजकेचा तुकडा तोंडात टाकला, वर घोट घेतला आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. "बिटिया," ते म्हणाले, "इतने साल से पी रहे हैं. किसी नाकवाले ने ऐसा नहीं बताया."

टाळ्या पडल्या. ताटल्या रिकाम्या झाल्या. पण पाहुणे गेल्यावर तरुण चुळबुळत जवळ आला. "मॅडम, काउंटर के बारे में... ऊपर बात करनी पड़ेगी. आप समझ रही हैं ना?"

ती समजली. काउंटर गेलं होतं.

घरी परतताना जयसिंहराव गाडी चालवत होते. इंदरगंजच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा ते म्हणाले, "दीड वर्ष. मी रोज विचारतो, पोरी, फोडणीचा वास किती छान सुटलाय, नाही? आणि तू रोज हो म्हणत राहिलीस."

"बाबा..."

"मला सांगून द्यायचं ना. मी हुंगून दिलं असतं सगळं." त्यांचा परेडवरचा आवाज कुठंतरी हरवला होता. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात येऊन प्रत्येक परात हुंगू लागले. उपयोग शून्य. त्यांना सगळंच 'फर्स्ट क्लास' वाटायचं. पण सीमंतिनीला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

*

हेमेंद्र पंधरवड्यानं पुन्हा आला. मग पुन्हा. ग्वाल्हेरमध्ये एवढी व्हिस्की कोण पितं, असं जयसिंहरावांनी दोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

पहिल्या खेपेला त्यानं चार बाटल्या आणल्या, पण त्यांत व्हिस्की नव्हती. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. "डॉक्टरांना विचारून आलोय," तो म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. वास येवो न येवो. आणि हुंगताना तो वास कसा होता, ते आठवायचं. नाकाला वाट दाखवायची, बस."

"आणि वाट सापडलीच नाही तर?"

"तर मी आहेच की उसना."

रोज सकाळी त्याचा फोन यायचा. कधी दिल्लीहून, कधी जयपूरहून, कधी कुठल्यातरी विमानतळावरून.

"लवंग काय म्हणते?"

"गप्प आहे."

"गुलाब?"

"तोही."

"निलगिरी?"

"ती डोळ्यांना कळते. नाकाला नाही."

"आणि... मी आठवतो का?"

"तुम्ही बाटलीत आहात का?"

"घालून बघा. मी कुठल्याही पिंपात मुरतो."

ती फोन ठेवून द्यायची आणि मग लिंबाच्या बाटलीकडे बघून कितीतरी वेळ हसत बसायची.

होळीच्या आदल्या सकाळी मात्र तिनंच फोन केला, आणि हुंदके देत. "सगळं सडलंय! कॉफीला जळक्या टायरचा वास येतोय. कांद्याला... मला सांगताच येत नाही. मला नको हे. याच्यापेक्षा काहीच नव्हतं ते बरं होतं!"

पलीकडून हेमेंद्र एवढ्यानं ओरडला, की तिनं फोन कानापासून लांब धरला. "येतोय? वास येतोय? अगं, चुकीचा येतोय मतलब येतोय! नाक जागं होतंय!"

तो तिला 'अगं' म्हणाला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं.

काम थांबलं नव्हतं. हॉटेलचं काउंटर दुसऱ्या कुणाला मिळालं, पण संग्रामसिंहांनी नातीच्या लग्नाची गजक तिच्याकडेच सांगितली. "जिसकी ज़बान सच्ची, उसी के हाथ की," असा निरोपही पाठवला. सीमंतिनी रडत नव्हती, खोटं बोलत नव्हती आणि सकाळच्या फोनची वाट बघत होती. सगळं छान चाललं होतं.

मग चैत्रात पूजेला पांडुरंगराव आले.

पूजा आटोपली, तीर्थ-प्रसाद झाला, आणि पन्ह्याचा पेला हातात घेऊन गुरुजी जयसिंहरावांशी बोलू लागले. "आमच्या हेमेंद्राचं काही कळत नाही हो. विलायतेला जायची संधी आली. स्कॉटलंडला, दोन वर्षं. पिंपं कशी निवडावीत, कशात काय मुरवावं, ते शिकवणार आहेत. लहानपणापासून नाकाचा एवढा तल्लख पोरगा. याच दिवसाची वाट बघत होता तो. आणि ऐन वेळी नाही म्हणतोय. कारण विचारलं तर म्हणे, इथं एक काम अर्धं आहे."

सीमंतिनीच्या हातातलं ताम्हन टेबलावर जोरात आपटलं.

"गुरुजी, तो आत्ता कुठं आहे?"

"घरीच आहे. कालच आला. का ग?"

"बसा मागे. मी सोडते तुम्हाला."

त्या दिवशी सराफ्यातल्या दुकानदारांनी एक विलक्षण दृश्य पाहिलं. स्कूटरवर दात-ओठ खात चाललेली मुलगी, आणि तिच्यामागे पूजेची पिशवी पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून बसलेले मुळ्ये गुरुजी.

*

हेमेंद्रचं घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत होतं, पहिल्या मजल्यावर. दार त्यानंच उघडलं. तिला पाहून त्याचे डोळे हसायला लागले, पण ओठांपर्यंत हसू पोचायच्या आत ती कडाडली.

"माझं नाक म्हणजे अर्धं काम?"

त्यानं तिच्यामागे धापा टाकत उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. गुरुजींनी नजर चुकवली, चपला काढल्या आणि भिंतीला लागून आत निघून गेले.

"सीमंतिनी, ऐका ना—"

"मी नाही ऐकत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या नाकासाठी तुम्ही तुमचं शिक्षण सोडणार? उद्या मला वास आला नाही, तर जन्मभर मी काय म्हणून तुमच्याकडे बघू? माझं नाक माझं आहे. बरं होईल, नाही तर नाही होणार. मी त्याच्याशिवाय गजक बनवते, गाडी चालवते, भांडते. तू जा!"

शेवटचे दोन शब्द जिन्यात घुमले.

"मला 'तू' म्हणालीस," तो म्हणाला.

"रागात निघालं."

"रागातच राहू दे... पण परत घेऊ नकोस." तो एक पाऊल पुढे आला. कपाळावरचे केस मागे सारायला त्यानं हात उचलला आणि ते करायचं विसरला. "नाकासाठी थांबत नव्हतो मी. म्हणजे... तसं सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही. खरं म्हणजे, रोज सकाळी फोन करायला कारण हवं होतं. नाक बरं झालं तर कारण संपणार. आणि गेलो तर तिथून कुठल्या तोंडानं फोन करू? तुमचा... तुझा कोण म्हणून?"

तिचा राग कुठं गेला, तिला कळलं नाही. तिनं जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"हे विचारायला तुला इतके दिवस लागले? तुझी व्हिस्कीसुद्धा याच्यापेक्षा लवकर मुरत असेल."

"तिला बारा वर्षं लागतात."

"मला नाहीत तेवढी."

"मग विचारू?"

"विचार की..."

"माझ्याशी लग्न करशील, सीमंतिनी?"

तिनं नुसती मान हलवली. एकदा. मग त्याला नीट दिसली नसेल असं वाटून पुन्हा एकदा. तो हसला, या वेळी डोळे आणि ओठ एकदमच, आणि त्यानं तिचा कठड्यावरचा हात हातात घेतला. बोटं गार होती दोघांचीही, भर चैत्रात.

आणि सीमंतिनीचं नाक एकदम आक्रसलं.

"हेमेंद्र," ती म्हणाली, "काहीतरी करपतंय."

"हं?"

"काहीतरी करपतंय! दूध... दूध आहे. तळाला लागलंय!"

त्यानं हवेत नाक वर केलं. आतून खरोखरच धुराची एक बारीक रेघ येत होती. त्याच क्षणी दारामागे कान देऊन उभ्या असलेल्या सुधाताई, हेमेंद्रची आई, "अग बाई!" करून स्वयंपाकघराकडे धावल्या. त्यांच्यामागून, तिथंच उभे असलेले गुरुजीही.

हेमेंद्र धावला नाही. तो तिच्याकडे बघत होता. "तुला आला," तो म्हणाला. "माझ्याआधी आला."

"टायर नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "सडकं नाही. दूधच आहे. करपलेलं दूध. असंच असतं ना ते? असंच ना?"

"असंच असतं."

आतून सुधाताईंचा आवाज आला, "खिडक्या उघडा हो सगळ्या!" आणि सीमंतिनी जिन्यातूनच ओरडली, "नको, काकू! एक मिनिट... थांबा ना, प्लीज!" ती दारात उभी राहून तो करपट, खरपूस वास छाती भरभरून घेत राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सुधाताई हातात काळं पातेलं घेऊन बाहेर आल्या, तिच्याकडे पाहिलं, काय समजायचं ते समजल्या आणि पातेलंच तिच्यापुढे धरलं. "घे ग बाई. पोटभर घे."

हेमेंद्र मात्र आतल्या खोलीत पळाला आणि बॅगेतून एक चिमुकली बाटली घेऊन आला. सुधाताईंनी डोळे मोठे केले. "घरात? देवाच्या घरात?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

पांडुरंगराव खाकरले. "अभ्यासाचं साहित्य आहे ते," ते म्हणाले, आणि स्वतःच एक स्वच्छ वाटी पुढे केली.

हेमेंद्रनं वाटीत थोडी व्हिस्की ओतली. सीमंतिनीनं ती नाकाशी धरली. सगळे बघत होते.

"ओलं लाकूड," ती शेवटी म्हणाली. "आणि त्याच्या पलीकडे काहीतरी गोड आहे... लांब. नाव नाही सांगता येत."

"जांभूळ? गूळ?"

"नाही. तू सांगू नकोस. माझं मी शोधीन."

"दोन वर्षं लागली तर?"

"तर तू तिथं शिक, मी इथं शोधते. वैशाखात साखरपुडा करून जा. आणि हिवाळ्यात मी येईन तिकडे, तुझी ती पिंपं खरंच आहेत का ते बघायला."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर बघू," ती म्हणाली. हे ऐकून पांडुरंगराव घाईघाईनं पंचांग शोधायला गेले, आणि चष्मा विसरल्यानं परत आले.

संध्याकाळी ती घरी निघाली, तेव्हा हेमेंद्रही स्कूटरवर मागे बसला. जयसिंहरावांना सांगायचं होतं. सराफ्यात दिवे लागत होते. गर्दीतून वाट काढताना तिच्याकडे वास येऊ लागले, तुटक तुटक. एखादा यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम दोन. ती मान न वळवता ओरडून सांगत होती.

"उदबत्ती!"

"बरोबर."

"गटार!"

"ते तर बरोबरच."

"जिलबी... नाही, इमरती! तुपातली!"

"डालड्यातली आहे."

"असू दे! रॉकेल!"

त्यानं उजवीकडे पाहिलं. एक फुलवाला मोगऱ्याच्या माळांवर पाणी शिंपडत होता; रॉकेल कुठंच नव्हतं. हेमेंद्रनं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि आपली हनुवटी अलगद तिच्या खांद्यावर टेकवली.

"रॉकेलच आहे," तो म्हणाला. "पुढे चल."